प्लेटवर जंतू हरतो, मग तेच पेशंटला का देत नाहीत? (ईडीटीए आणि एनडीएमबद्दल)

प्लेटवाली

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी १७ वर्षं हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, कल्चर लावणं, प्लेटा वाचणं, रिपोर्ट करणं. गेल्या आठवड्यात एका माणसाने एक प्रश्न विचारला आणि तो डोक्यातून जात नाहीये.

आयसीयूत एक आजोबा आहेत. लघवीत आणि रक्तात क्लेबसिएला हा जंतू निघाला, आणि तो सगळ्याला रेझिस्टंट, म्हणजे कुठलंच अँटिबायोटिक त्याच्यावर चालेना. रिपोर्टवर खालपर्यंत आर, आर, आर. मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकला पण आर. त्यांचा मुलगा रोज काउंटरवर येतो, ग्रिलचं वर्कशॉप आहे त्याचं, हाताला वेल्डिंगचे डाग. त्याला काही ते आर-आर कळेना. शेवटी आमच्या सरांना विचारून मी त्याला प्लेटच दाखवली.

आमच्याकडे असे जंतू आले की एक जुनी टेस्ट आम्ही अजून लावतो. इमिपेनेमच्या (मेरोपेनेमच्याच कुटुंबातलं औषध) दोन चकत्या ठेवायच्या, एक साधी आणि एकीवर ईडीटीएचे, म्हणजे धातू पकडून ठेवणाऱ्या केमिकलचे, १० मायक्रोलिटर टाकलेले. साध्या चकतीच्या कडेपर्यंत जंतू उगवलेला, अगदी चिकटून. आणि ईडीटीएवालीच्या भोवती स्वच्छ गोल, नखाएवढा नाही, चांगला रुपयाएवढा. ७ मिमी किंवा जास्त फरक आला की समजायचं हा मेटॅलोवाला आहे, आपल्याकडे बहुतेक वेळा एनडीएम.

तो पोरगा प्लेट उजेडाकडे धरून बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, इथं तर मेलाय की. मग हेच द्या ना माझ्या बापाला."

मी म्हटलं, ते औषध नाहीये, टेस्टचं केमिकल आहे. तो म्हणाला, का नाही? आणि मला त्याला समजेल असं उत्तर पटकन देता आलं नाही. सर बोलले त्याच्याशी, पण मला माझ्या शब्दांत सांगायचं होतं. इथे डॉक्टर, केमिस्ट्रीवाले, शेतकरी, सगळे आहात. ज्या वस्तूने प्लेटवर जंतूचं हत्यार निकामी होतं ती औषध का होत नाही? आणि होऊ शकेल का कधी?

---

रानजाई

वाचतेय. त्या मुलाचं वाक्य वाचून पोटात कालवलं.

---

खडूफळा

आधी आमच्यासारख्यांना एनडीएम काय ते सांगा. जंतूचं नाव आहे का?

---

सह्याद्री_एमडी

@खडूफळा, नाही, जंतूचं नाही, जंतू बनवतो त्या एन्झाइमचं नाव आहे. थोडं मागून सांगतो.

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम या सगळ्या कुटुंबात एक चार टोकांची कडी असते, बीटा-लॅक्टम म्हणतात. ती कडी शाबूत असेपर्यंत औषध चालतं, जंतूला आपली भिंत बांधू देत नाही. जंतूंनी यावर काढलेला तोड म्हणजे ही कडी फोडणारी एन्झाइम्स, बीटा-लॅक्टमेज. हे काही आजचं नाही. १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन अजून बाजारात यायचं होतं तेव्हाच, अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाइम जंतूत सापडल्याचं लिहून ठेवलंय.

या एन्झाइमांचे ढोबळ दोन घराणे समजा. एक सेरीनवालं, ज्यांच्या पोटात सेरीन नावाचं अमिनो आम्ल कडी फोडायचं काम करतं. दुसरं जस्तवालं, म्हणजे मेटॅलो. एनडीएम या दुसऱ्यातलं. त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन आयन बसलेले असतात, ते पाण्याच्या रेणूला धार लावतात आणि ते पाणी कडी फोडतं. ईडीटीए जस्त पकडून घेतं, एन्झाइम लुळं पडतं, इमिपेनेम वाचतं. प्लेटवाली यांच्या प्लेटवर तो गोल दिसतो तो यामुळे. म्हणजे जंतू ईडीटीएने मेला नाही, इमिपेनेमनेच मेला, ईडीटीएने फक्त जंतूचा हात धरून ठेवला.

---

मिश्कील_मावळा

थोडक्यात, जस्त काढून घेतलं की जास्त चालत नाही :)

---

रानजाई

@मिश्कील_मावळा, हे मी आता आयुष्यात विसरणार नाही. शाळेत केमिस्ट्री अशी का नाही शिकवली कोणी.

---

सिस्टर_विद्या

मी २२ वर्षं वॉर्डात आहे, याचं उत्तर मी रोज हातात धरते. सीबीसीला रक्त घेतो ती जांभळ्या टोपीची बाटली, तिच्यात आतून ईडीटीएच लावलेलं असतं. रक्त गोठू नये म्हणून. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते कॅल्शियम पकडून बसतं, म्हणून रक्त पातळ राहतं.

नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते की जांभळ्या बाटलीतलं रक्त दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही आणि आधी जांभळी भरायची नाही. एकीने एकदा लाल बाटलीत कमी भरलं म्हणून जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. लॅबमधून फोन, पेशंटचं कॅल्शियम जवळजवळ नाहीच आणि पोटॅशियम भयंकर वाढलेलं. सगळे पळत पेशंटकडे गेलो तर तो बसून चहा पीत होता. पोटॅशियम त्या बाटलीतल्या ईडीटीएच्या क्षाराचं, आणि कॅल्शियम ईडीटीएने खाल्लेलं. परत रक्त घेतलं, सगळं नॉर्मल.

आता विचार करा, बाटलीतल्या एवढ्याशा पावडरीने रिपोर्टवर हे होतं, तर ते शिरेतून दिलं आणि अंगातलंच कॅल्शियम धरलं तर? हृदय कॅल्शियमवर चालतं. त्या मुलाला ही बाटली दाखवा आणि सांगा.

---

प्लेटवाली

विद्याताई, अहो किती साधं आहे हे! मी रोज त्या बाटल्या बघते आणि हे सुचलं नाही. उद्या सांगते त्याला.

---

द्राक्षबाग_निफाड

हे ईडीटीए म्हणजे आमच्या चिलेटेड झिंकमधलंच का? आम्ही फवारतो ते पाकिटावर झिंक ईडीटीए १२ टक्के लिहिलेलं असतं. साधं झिंक सल्फेट जमिनीत टाकलं की चुनखडीच्या मातीत अडकून बसतं, वेलीला मिळत नाही, म्हणून चिलेटेड वापरायचं असं कृषी सहायकांनी सांगितलेलं.

---

खडूफळा

आणि चिलेट शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये आहे, खेकड्याची नांगी. मुलांना शिकवताना मी दोन्ही हातांच्या नांग्या करून दाखवतो. ईडीटीएला अशा सहा नांग्या, धातूला सगळीकडून धरतं.

---

सह्याद्री_एमडी

@द्राक्षबाग_निफाड, हो, अगदी तेच. तिथे ते झिंक धरून वेलीपर्यंत पोचवतं, इथे जंतूच्या एन्झाइमकडून हिसकावून घेतं. नांगी तीच.

विद्या सिस्टरांनी मूळ मुद्दा सांगितलाच. ईडीटीएला धातूंमध्ये आवडनिवड कमी. जस्त, कॅल्शियम, लोह, शिसं, मिळेल ते धरतं. शिशाची विषबाधा झालेल्याला ईडीटीए देतात, पण ते कॅल्शियम आधीच धरलेलं, कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. शिसं दिसलं की कॅल्शियम सोडून शिसं पकडतं, त्यामुळे अंगातलं कॅल्शियम कमी होत नाही. नाव जवळपास सारखं असल्याने चुकून साधं डायसोडियम ईडीटीए दिलं गेल्याने अमेरिकेत मृत्यू झाल्याची नोंद आहे, त्यात मुलंही होती.

---

कोकणकडा

यावरून एक विचारतो, अवांतर आहे. माझ्या मामांना ब्लॉकेज आहेत आणि कोणीतरी त्यांना चिलेशनच्या बाटल्या लावायला सांगितलंय, नसांमधलं कॅल्शियम विरघळतं म्हणे. हेच का ते?

---

सह्याद्री_एमडी

हेच ते. मामांना त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही बाटली लावू देऊ नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर दुसरी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले, रक्तातलं शिसं कमी झालं पण हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

---

कोकणकडा

धन्यवाद डॉक्टर. आजच फोन करतो मामीला. मामा ऐकणार नाहीत, मामी ऐकेल.

---

औषधवाला_कराड

धागा छान चाललाय पण एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. सगळ्यांनी मिळून ईडीटीए औषध होऊच शकत नाही असं ठरवून टाकलंय. ते पूर्ण बरोबर नाही. सेफ्ट्रायॅक्सोन, सल्बॅक्टॅम आणि डायसोडियम इडिटेट असं तिघांचं मिश्रण असलेलं इंजेक्शन भारतात विकलं जातं. इडिटेट म्हणजे ईडीटीएच. माझ्या दुकानातून हॉस्पिटलला गेलेलं आहे. तेव्हा मात्रेचा प्रश्न आहे, सरसकट विष म्हणू नका.

---

सह्याद्री_एमडी

@औषधवाला_कराड, आक्षेप योग्य आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. त्या मिश्रणाची मूत्रमार्गाच्या संसर्गात मेरोपेनेमशी तुलना करून चाचणीही झालेली आहे. पण दोन गोष्टी. त्यात ईडीटीएची मात्रा अगदी थोडी असते. आणि प्लेटवाली जे करतायत त्यात ०.५ मोलरचं जाड द्रावण थेट चकतीवर टाकलेलं असतं, तेवढी तीव्रता माणसाच्या रक्तात आणायची म्हटली तर कॅल्शियमचं काय होईल ते वर आलंच आहे. प्लेटवर बसलेला निकाल रक्तात बसेलच असं नाही.

---

औषधवाला_कराड

हे मान्य. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या मुलाला "ते विष आहे" असं सांगून पाठवू नका, उद्या तो कुठेतरी त्या इंजेक्शनवर ईडीटीए नाव वाचेल आणि लॅबवरचा विश्वास जाईल.

---

प्लेटवाली

हे फार महत्त्वाचं बोललात. मी विष हा शब्द वापरणारच होते.

लॅबच्या बाजूने अजून एक भर. ईडीटीए एकटंसुद्धा जंतूला त्रास देतं. जंतूच्या बाहेरच्या आवरणाला कॅल्शियम-मॅग्नेशियमने टाके घातलेले असतात, ईडीटीए ते टाकेच उसवतं. म्हणून आम्ही तिसरी कोरी चकती ठेवतो नुसत्या ईडीटीएची. तिच्याभोवतीच मोठा गोल आला तर टेस्ट धरत नाही. नवीन मुलं ही तिसरी चकती विसरतात आणि स्युडोमोनास वगैरे जंतूंमध्ये फसतात.

---

गनिमीकावा

मी केमिस्ट्रीवाला नाही, इतिहासवाला. पण डॉक्टरांचं "हात धरून ठेवला" वाचून मला घोडखिंड आठवली. म्हणजे इनहिबिटर, एन्झाइमला अडवणारा पदार्थ, हा बाजीप्रभू. तो स्वतः लढाई जिंकायला नाही, खिंड अडवून धरायला. तोवर महाराज विशाळगडावर पोचतात. बरोबर का?

---

सह्याद्री_एमडी

अहो एकदम बरोबर. आणि ऑगमेंटिन म्हणून जे मिळतं त्यातलं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर शब्दशः असंच वागतं. ते एन्झाइमशी जोडलं जातं, स्वतः मोडतं आणि मोडता मोडता एन्झाइमलाही कायमचं जायबंदी करून टाकतं. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस नावाच्या मातीतल्या जंतूपासून बीचम कंपनीने १९७० च्या दशकात ते शोधलं, १९८१ पासून अमॉक्सिसिलिनबरोबर बाजारात. एकटं दिलं तर जंतू मारण्यात अगदी कमजोर.

पण हे बाजीप्रभू सेरीनवाल्या घराण्यासमोरच उभे राहतात. क्लॅव्ह्युलॅनिक, सल्बॅक्टॅम, टॅझोबॅक्टॅम, त्यानंतरचं ॲविबॅक्टॅम, ही सगळी सेरीनला जाऊन बिलगतात. एनडीएममध्ये सेरीनचं कामच नाही, बिलगायचं कुणाला? म्हणून एनडीएमपुढे ती चालत नाहीत.

---

गनिमीकावा

म्हणजे फौज दुसऱ्याच वाटेने आली.

---

हॅमिल्टनकर

उशिरा आलो, इकडे रात्र होती. मी कॅनडात हॅमिल्टनला राहतो, या विषयातला नाही, आयटीतला, पण एनडीएमवरचं एक मोठं काम आमच्याच गावातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालंय म्हणून त्याबद्दल वाचत असतो.

तिथले जेरी राइट यांच्या गटाने मातीतल्या बुरशी आणि जंतूंचे सुमारे ५०० अर्क तपासले, असा एखादा पदार्थ शोधायला की जो एनडीएम असलेल्या जंतूसमोर मेरोपेनेमला पुन्हा चालवेल. एक सापडला, नोव्हा स्कोशियातल्या मातीतल्या ॲस्परजिलस व्हर्सिकलर बुरशीतून. नाव ॲस्परजिलोमॅरास्मिन ए, सगळे एएमए म्हणतात. २०१४ मध्ये नेचरमध्ये आलं. एनडीएमवाला क्लेबसिएला टोचलेल्या उंदरांना नुसतं मेरोपेनेम दिलं तर उपयोग नाही, नुसतं एएमए दिलं तरी नाही, दोन्ही मिळून दिलं तर जवळजवळ सगळे वाचले.

आणि हे पण जस्तच धरतं! मला आधी वाटलं की मग ईडीटीएपेक्षा वेगळं काय. नंतरच्या कामात दिसलं की ते एन्झाइममधलं जस्त ओढून उपटत नाही. एन्झाइमकडून जस्त अधूनमधून आपोआप सुटत असतं, ते सुटलेलं हे उचलतं आणि परत बसू देत नाही. आणि जस्त नसलेलं एन्झाइम पेशीत टिकत नाही, मोडून जातं. जस्तावर याचा डोळा जास्त, इतर धातूंवर कमी.

---

द्राक्षबाग_निफाड

मॅरास्मिन हा शब्द ओळखीचा वाटतोय. आमच्या टोमॅटोत मर रोग येतो, फ्युजेरियम बुरशीचा, तिच्या विषाचं नाव कृषी विद्यापीठाच्या शिबिरात लायकोमॅरास्मिन असं काहीसं सांगितलेलं.

---

हॅमिल्टनकर

@द्राक्षबाग_निफाड, कमाल आहे तुमची! हो, जवळचे नातेवाईक आहेत दोन्ही. एएमए १९६० च्या आसपास आधी माहीत झालं ते झाडं कोमेजवणारा पदार्थ म्हणूनच. जंतूंवर त्याचा उपयोग होईल हे ५० वर्षांनी कळलं.

---

द्राक्षबाग_निफाड

म्हणजे जे माझा टोमॅटो मारतं त्याचा भाऊ माणूस वाचवायला निघालाय. घरी सांगितलं तर आई म्हणाली, मग आपल्या मेलेल्या टोमॅटोचे पैसे मागून घे त्यांच्याकडून. गेल्या साली दीड एकर गेलं हो मर रोगात.

---

रानजाई

:) आईंना नमस्कार सांगा.

---

आकाशकंदील

माझा एक भाबडा प्रश्न. जंतूला जस्त लागतं म्हणजे आपण झिंकच्या गोळ्या खाऊ नयेत का? कोविडपासून घरात पाकिटं पडलीयत.

---

सह्याद्री_एमडी

नाही हो, असा थेट संबंध लावू नका. आपल्या शरीरातल्या शेकडो एन्झाइमांना जस्त लागतं, आणि तीच तर अडचण आहे. जंतूच्या एन्झाइमातलं जस्त काढायचं आणि पेशंटच्या एन्झाइमांना धक्का लावायचा नाही. उलट शरीर स्वतःच संसर्गाच्या जागी जस्त लपवतं, पांढऱ्या पेशी कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडून जस्त बांधून टाकतात. आणि त्यावर उतारा म्हणून एनडीएमचे नंतरचे काही प्रकार जस्त जास्त घट्ट धरायला शिकलेत.

बाकी डॉक्टरने न सांगता कुठल्याच गोळ्या खात राहू नका, पण जंतूच्या भीतीने नव्हे.

---

मिश्कील_मावळा

जस्त जास्त घट्ट. डॉक्टर, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय.

---

अरवली

मी दिल्लीत ३० वर्षं राहते. मला कोणी सांगा की या एन्झाइमला आमच्या शहराचं नाव का? न्यू डेल्ही मेटॅलो. इथे परदेशातले पाहुणे येतात ते नळाचं पाणी बघून घाबरतात. ही बदनामी आहे असं मला अजून वाटतं.

---

प्लेटवाली

अरवलीताई, तुमचा राग समजतो. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या लघवीतून तो क्लेबसिएला मिळाला, तो आधी नवी दिल्लीत ॲडमिट होता, म्हणून ते नाव. या क्षेत्रात गावांची नावं द्यायची पद्धतच आहे, व्हीआयएम नावाच्या दुसऱ्या जस्तवाल्या एन्झाइममधला व्ही म्हणजे इटलीतलं वेरोना. पण २०१० मध्ये लॅन्सेटच्या मासिकात मोठा लेख आला, त्यात भारत-पाकिस्तान-ब्रिटनमधले नमुने होते, तेव्हा गदारोळ झाला आणि २०११ मध्ये लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नावाबद्दल माफी मागितली होती.

---

अरवली

माफी मागितली पण नाव तर तेच राहिलं ना.

---

सिस्टर_विद्या

नावाचं दुःख खरं आहे, पण मला पाण्याचं जास्त वाटतं. २०११ मध्येच दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास आला होता, नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये एनडीएमचं जनुक मिळालं. नाव बदललं असतं तरी ते ५१ तिथेच राहिले असते. आम्ही वॉर्डात हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडतो ते उगाच नाही, हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातं.

---

अरवली

हे मात्र खरं आहे. ५१ आकडा माहीत नव्हता. तरी नावावर मी ठाम आहे.

---

मराठवाड्याची_माती

आता आमच्या गावचं सांगतो, कोणीच काढलं नाही. छत्रपती संभाजीनगरला (आम्ही अजून तोंडाने औरंगाबाद म्हणतो) वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. तिथे झायडेबॅक्टॅम शोधलं गेलं. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, आमचे माजी विद्यार्थी या कंपन्यांत आहेत म्हणून अभिमानाने सांगतो.

याची गंमत अशी की ते एनडीएमला धरायच्या भानगडीतच पडत नाही. जंतू भिंत बांधायला जे गवंडी वापरतो, पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, त्यातल्या दोन नंबरच्या गवंड्याला झायडेबॅक्टॅम घट्ट पकडतं. जोडीला सेफेपिम हे अँटिबायोटिक, ते मुख्यतः तीन नंबरच्या गवंड्याला पकडतं. दोघे गवंडी एकदम अडकले की एनडीएमने थोडं सेफेपिम फोडलं तरी भिंत उभी राहत नाही. नाव इनहिबिटरसारखं असलं तरी ते लोक त्याला एन्हान्सर, म्हणजे जोर वाढवणारं, म्हणतात. मेरोपेनेमशी तुलना करणारी फेज ३ चाचणीही झाली.

चेन्नईच्या ऑर्किडमध्ये शोधलेलं एनमेटाझोबॅक्टॅम तर फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही सेफेपिमबरोबर. पण ते सेरीनवाल्यांसाठी, एनडीएमसाठी नाही. तेव्हा ज्या देशाचं नाव त्या एन्झाइमला चिकटलं त्या देशातले लोक त्यावर इलाज शोधतायत, अरवलीताई, हे पण लिहून ठेवा.

---

अरवली

लिहून ठेवलं. आणि बरं वाटलं.

---

गनिमीकावा

मग खिंड अडवायची नाही, थेट गडाचे गवंडीच पळवायचे. हा शिवाजी महाराजांचा डाव झाला.

---

औषधवाला_कराड

हे सगळं शोधतील हो, पण आमच्याकडे रोज चार माणसं येतात, "सर्दी आहे, ते ऑगमेंटिन द्या, दोनच गोळ्या द्या". मी चिठ्ठीशिवाय देत नाही, तर शेजारच्या गल्लीत जातात. २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातल्या औषधांची वेगळी वही ठेवायची असते, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं. माझी वही कोणीही येऊन बघा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

---

रानजाई

+१. आमच्या सासूबाई अर्धी पट्टी कपाटात जपून ठेवतात, पुढच्या तापाला. या धाग्याचं मी त्यांना वाचून दाखवणार आहे आज.

---

खडूफळा

आपण मूळ प्रश्नापासून लांब गेलो. प्लेटवालीताई, त्या आजोबांचं काय झालं? आणि मुलाला काय सांगितलंत?

---

प्लेटवाली

सांगते. दोन दिवस लिहायला वेळ मिळाला नाही.

आधी आजोबांचं. डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टॅम आणि ॲझट्रिओनाम ही अँटिबायोटिक्स एकत्र द्यायचं ठरवलं. यामागचं कारण मला लॅबच्या बाजूने फार आवडतं. ॲझट्रिओनामला एनडीएम फोडू शकत नाही. पण एनडीएमवाला जंतू सोबत सेरीनवाली एन्झाइम्सही बाळगून असतो, ती ॲझट्रिओनामला फोडतात. ॲविबॅक्टॅम त्या सेरीनवाल्यांना धरतं आणि ॲझट्रिओनाम मोकळं होतं. म्हणजे जस्ताला हातही न लावता.

सुरू करायच्या आधी आम्ही प्लेट लावली, दोन चकत्या शेजारी शेजारी, थोडं अंतर ठेवून. सकाळी सात वाजता इन्क्युबेटर उघडला. ॲझट्रिओनामच्या चकतीभोवती सगळीकडे जंतू दाट, करड्या गालिच्यासारखा, फक्त शेजारच्या चकतीकडच्या बाजूला पोटासारखा फुगलेला स्वच्छ भाग. तसा फुगवटा दिसला की माझा चहा राहून जातो. सरांना फोन केला, सर आले, दोघांनी पट्टी लावून मोजला.

आज औषधाचा सहावा दिवस. ताप तीन दिवस नाहीये. काल लावलेलं रक्ताचं कल्चर अजून मशीनने वाजवलेलं नाही, म्हणजे त्यात जंतू उगवल्याचं दिसलेलं नाही. पाच दिवस होईपर्यंत मी काही बोलणार नाही, पण नळी काढलीय आणि आजोबांनी पेज मागितली म्हणे.

आता मुलाचं. त्याला घेऊन मी विद्याताईंनी सांगितल्याप्रमाणे जांभळी बाटली दाखवली. रक्त घातलेली एक आणि एक बिनईडीटीएची, अर्ध्या तासाने दोन्ही वाकड्या केल्या. एकीतलं वाहिलं, दुसरीतलं गोळा होऊन बसलेलं. म्हटलं, हा गोळा होतो कॅल्शियममुळे, तुझ्या बाबांचं हृदयही त्याच कॅल्शियमवर चालतं, ईडीटीए जस्ताबरोबर कॅल्शियमही धरतं. विष हा शब्द वापरला नाही, औषधवाला_कराड, तुमच्यामुळे. म्हटलं, थोडं असतं काही औषधांत, पण त्या चकतीवर आहे तेवढं अंगात नेता येत नाही.

त्याने दोन्ही बाटल्या परत परत वाकड्या करून बघितल्या. मग म्हणाला, "ताई, आम्ही गॅल्व्हनाइजचा पाइप वेल्ड करायच्या आधी त्याच्यावरचं जस्त उतरवतो. ॲसिडने उतरतं, पण जरा जास्त वेळ ठेवला तर खालचं लोखंड पण खातं. तसंच ना?"

मी म्हटलं, तसंच.

---

सिस्टर_विद्या

डोळ्यांत पाणी आलं गं. पेज मागितली म्हणजे अर्धी लढाई झाली, आमच्या वॉर्डाचा अनुभव आहे.

---

खडूफळा

जस्त उतरवायचं उदाहरण मी वर्गात वापरणार, त्या मुलाला आधी विचारून सांगा.

---

सूक्ष्मदर्शी

प्लेटवालीताई, मी नांदेडकडे एका छोट्या लॅबमध्ये आहे, एकटीच. आमच्याकडे ही टेस्ट लावायची आहे. ०.५ मोलर ईडीटीए बनवायला घेतलं, १८.६१ ग्रॅम डायसोडियमची पावडर मोजून १०० मिलीसाठी घेतली, पण विरघळतच नाहीये, तळाशी पांढरी बसते. दोन तास हलवतेय. पावडर खराब आहे का?

---

प्लेटवाली

पावडर चांगली आहे, टाकू नकोस. पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय ती विरघळतच नाही. पाणी आधी ८० मिलीच घे, हलवत हलवत सोडियम हायड्रॉक्साइडची एकेक गोळी टाक, गरम होईल, घाई करू नकोस. ८ ला आलं की अचानक नितळ होतं, कळेलच तुला. मग १०० पर्यंत भर, ऑटोक्लेव्ह कर. आणि तिसरी कोरी चकती विसरू नकोस. पहिल्या प्लेटचा फोटो टाक इथे, आपण मिळून वाचू.